सावलीचा पिंजरा

मिक्सरचं झाकण उडालं आणि हिरवा शिंतोडा थेट छतापर्यंत गेला.

"धर, धर!" दादा ओरडला. कोणी काय धरायचं ते त्यानं सांगितलं नाही. स्वतः मात्र दोन पावलं मागं सरकला आणि हा सगळा पसारा भलत्याच कोणीतरी घातल्यासारखा छताकडे बघत उभा राहिला.

छोटी दारातच थांबली. पन्नाशी उलटली तरी 'छोटी' हे नाव तिला चिकटून होतं, त्याला इलाज नव्हता. संशोधन केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणत. एक मजला उतरून भावाच्या घरात पाऊल टाकलं की मॅडम जिन्यातच राहायच्या आणि आत यायची ती छोटी. कामावर जाताना रोज ती इथं चहाला थांबायची. अलीकडे चहा निमित्ताला आणि भांडण पोटभर, असं झालं होतं.

"दादा, काल तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता ना. काल पाळला."

"आणि आज?"

"आजचा कुठं दिला होता?"

छोटीनं कपाळाला हात लावला. वहिनीनं स्टूल ओढलं, ओलं फडकं घेतलं आणि वर चढली. हात उंच केल्यावर तिचं घड्याळ मनगटावरून घसरत कोपराशी जाऊन थांबलं. तिनं ते खाली ओढलं आणि छत पुसायला लागली.

दादानं मिक्सरमध्ये उरलेला रस पेल्यात ओतला, नाक दाबून गटागट प्यायला आणि सगळं अंग शहारून घेतलं. एवढा मोठा माणूस, पण तोंड झालं ते लहानपणी एरंडेल पाजताना व्हायचं तसं. मग त्यानं त्याच तोंडावर विजयी हसू आणलं आणि पुढच्या खोलीत वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. हा रोजचा कार्यक्रम होता आणि त्याला प्रेक्षक लागत.

दादाची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं घरात एक लोखंडी वजनकाटा आणून ठेवला होता आणि मखमली पेटीत तपासणीची पितळी वजनं. माणसं खोटं बोलतात, डॉक्टर बोलतात, वर्तमानपत्रं तर बोलतातच. काटा बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पण गंमत अशी, की हे सगळं ज्या वर्तमानपत्रामुळं सुरू झालं होतं त्याच्यावर मात्र त्याचा डोळे मिटून विश्वास बसला होता.

"बघ," तो म्हणाला. "ये, बघ. पुन्हा उतरलं. ही पँट बघ, मागच्याच महिन्यात तुझ्या वहिनीनं आत घेतली होती. आता पुन्हा घ्यायला लागणार."

"गोळ्या घेतल्यास?"

"छोटी, काटा बघ आधी."

"गोळ्या, दादा."

गोळ्यांचं पाकीट चहापत्तीच्या डब्यामागं होतं. छोटीनं ते ओढून काढलं. गेल्या आठवड्यात होतं तसंच होतं, एकही खळगा फुटलेला नव्हता. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या आपापल्या जागी गुमान बसलेल्या. डॉक्टरांनी तिला फोन करून सांगितलं होतं की या वयात, या रक्तदाबानं, असं औषध एकदम सोडणं म्हणजे झटक्याला घरी बोलावणं आहे. ते तिनं दादाला चांगल्या शब्दांत सांगून झालं होतं, वाईट शब्दांत सांगून झालं होतं, एकदा रडूनही झालं होतं.

"साखर उतरलीय," दादा म्हणाला. "वजन उतरलंय. मग गोळ्या कशाला? आणि शोध कोणाचा? तुझाच ना? लोक म्हणतात, अहो, तुमच्या बहिणीनं काय कमाल केलीय. आणि बहीणच मला म्हणते, पिऊ नको. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"मी शोध लावलेला नाही. आम्ही अर्क काढतो, सुकवतो, मोजून उंदरांच्या खाण्यात घालतो. ओंजळभर पाला वाटून माणसाला पाजत नाही! त्यात काय काय आहे ते अजून आम्हालाच धड माहीत नाही. तुझ्या मूत्रपिंडाचं काय होईल, यकृताचं काय होईल—"

"यकृतातली चरबी कमी होते. छापून आलंय, तुझ्या फोटोखाली."

छोटीनं चहा न घेताच पर्स उचलली. वहिनी स्टुलावरून उतरत होती. उतरताना तिनं भिंतीला हात टेकला, क्षणभर डोळे मिटले.

"छोटीताई, चहा तरी—"

"नको वहिनी. माझं डोकं उठलंय. तुम्ही तरी त्याला काही सांगत जा हो. तुमच्यासमोर वाटतो आणि पितो!"

हे बोलताना तिचा आवाज गरजेपेक्षा चढला. वहिनी नुसती हसली आणि हिरवं झालेलं फडकं पिळायला लागली.

*

फोटोचं प्रकरण असं होतं. केंद्रात एक तरुण बातमीदार आली होती. छोटीनं तिला तासभर समजावून सांगितलं: ही कुंपणाकुंपणावर माजणारी कडू वेल आहे; लठ्ठ केलेल्या उंदरांना तिचा अर्क दिला तेव्हा त्यांचं वजन, रक्तातली साखर आणि यकृतातली चरबी कमी झाली; पण हे अगदी प्राथमिक आहे, उंदरांतलं आहे, कारण ठाऊक नाही, माणसांनी याच्या नादी लागू नये. तिनं सगळं लिहून घेतलं आणि बातमीत पहिलं वाक्य तेवढं छापलं. वर मथळा, 'तुमच्या कुंपणावरच उगवतंय साखरेवरचं औषध!' दुसऱ्या दिवसापासून गावातली कुंपणं बोडकी व्हायला लागली. दादानं तर गॅलरीत कुंड्या लावल्या आणि इमारतीतल्या प्रत्येक जाड माणसाला बोलावून रोपं वाटायला सुरुवात केली. ज्यांना नको होती त्यांच्या दाराशी ठेवून आला.

आता या सगळ्यावर एकच तोडगा होता आणि तो आज केंद्रात तिची वाट बघत होता.

उंदरांच्या खोलीत कोंदट, कोंड्यासारखा वास असायचा. फडताळांवर पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. एका रांगेत साधं खाणारे, एका रांगेत चरबी मिसळलेलं खाऊन गोल झालेले, तिसरीत तेच चरबीचं खाणं पण अर्क घालून. आणि चौथी रांग छोटीनं हट्टानं लावून घेतली होती. तिच्यात अर्काचा थेंबही नव्हता. अर्कवाल्या उंदरानं आज किती खाल्लं ते उरलेल्याचं वजन करून काढायचं, आणि उद्या चौथ्या रांगेतल्या त्याच्या जोडीदाराला बरोबर तेवढंच द्यायचं, एक दाणाही जास्त नाही. म्हणजे मग कळतं, की वजन उतरलं ते औषधानं की नुसतं कमी खाल्ल्यानं. त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण केंद्रात सगळे त्यांना सावल्या म्हणत. सावल्यांना खायला घातलं का? सावलीचा पिंजरा पुसला का?

प्राण्यांची डॉक्टरीण ओट्याशी बसून वाट बघत होती. ती छोटीची जुनी मैत्रीण आणि सांत्वन करण्याच्या बाबतीत अगदीच कुचकामी.

"आले आकडे," ती म्हणाली. "बसतेस का उभ्यानं ऐकतेस?"

"बोल."

"सावल्यांचं वजन तेवढंच उतरलंय. साखर तेवढीच. काहींची यकृतंही बघितली, डावं-उजवं करता येत नाही. तुझा अर्क काही करत नाही गं. तो कडू आहे, एवढंच सिद्ध झालं. खाणं कडू लागतं म्हणून खात नाहीत."

छोटी शेवटी बसलीच. तीन वर्षं. पाला गोळा करणं, सुकवणं, अर्क काढणं, मोठ्या साहेबांना पटवणं, आणि निष्कर्ष काय, तर पाला कडू आहे. हे कुंपणापाशी उभं राहून एक पान चावलं असतं तरी कळलं असतं! तिला हसू यायला लागलं आणि मग ते हसू तिला आवरेना. डॉक्टरीण काळजीनं बघायला लागली.

"अगं, वाईट वाटून घेऊ नको. नळीनं थेट पोटात देऊन बघू पुढच्या खेपेला."

"वाईट नाही वाटत," छोटी डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे वाटतंय. पण आज मी दादाला गप्प करणार आहे."

निघण्यापूर्वी ती उगीच चौथ्या रांगेपाशी रेंगाळली. अर्कवाले उंदीर भरल्या वाटीकडे पाठ करून झोपले होते. सावल्या जाग्या होत्या. एक उंदीर रिकाम्या वाटीत पुढचे पाय टाकून उभा होता आणि वाटीची कड चाटत होता.

"यांचे हाल जास्त," डॉक्टरीण दिवा मालवता मालवता म्हणाली. "त्यांना खायची इच्छा नसते. यांना असते, पण मिळत नाही. आणि यांच्याकडे बघायला कोणी येत नाही. जो येतो तो अर्कवाल्यांकडे."

*

संध्याकाळी छोटी वर आपल्या घरी न जाता थेट दादाकडे गेली. "आज इथंच जेवते," असं तिनं दारातूनच जाहीर केलं. वहिनीनं तिसरं ताट घेतलं. सकाळी भांडून रात्री जेवायला येणं या घरात नवीन नव्हतं. नवीन एवढंच होतं की गेले कित्येक आठवडे छोटी जेवायला आलीच नव्हती. कामाच्या रगाड्यात नुसती सकाळी यायची, ओरडायची आणि जायची.

वहिनीनं भात वाढला, भाजी वाढली, वाटीत दही घातलं. दादा रस पिऊनच बसला होता. रात्रीचा पेला ओट्यावर उपडा घातलेला दिसत होता. त्याचा चेहरा अजून सावरला नव्हता. पण तोंड कडू असलं तरी त्याचा पट्टा थांबणाऱ्यातला नव्हता.

"आज मला त्या वाण्याची आठवण झाली," त्यानं सुरू केलं.

छोटीनं डोळे मिटून घेतले. त्या वाण्याची गोष्ट. ही गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती की मधूनच सुरू केली तरी तिला शेवटाला नेता आली असती. दादा नोकरीत नवा असताना एका वाण्याविरुद्ध तक्रार आली. दादानं जाऊन त्याची वजनं तपासली, चोख. पुन्हा तपासली, चोख. तक्रार करणाऱ्यालाच झापून परत आला. मग पुढं साहेबानं त्याला नेऊन दाखवलं, की मालाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला होता. गोष्टीत वाण्याच्या मिशा होत्या, दुकानातलं मांजर होतं, बाहेर जमलेली गर्दी होती आणि दर खेपेला नवा काहीतरी फाटा फुटायचा.

"दादा, ती गोष्ट नंतर. आज माझं ऐक."

आणि तिनं सगळं सांगितलं. चार रांगा, कडू खाणं, सावल्या. शिक्षिकेसारखं एकेक पायरी चढत सांगितलं, टेबलावर वाट्या मांडून दाखवलं. ही अर्काची वाटी, ही बिनअर्काची. हा एवढं खातो, मग त्याला एवढंच द्यायचं. वजन दोघांचं सारखंच उतरतं.

"तू रस पितोस, तोंड कडू होतं, भूक मरते, तू कमी जेवतोस. बस्स. रसानं साखर उतरली नाही, न जेवल्यानं उतरली. तेच गोळ्या घेऊन, नीट जेवून, थोडं चालूनही झालं असतं. रस बंद, गोळ्या सुरू. आता तरी मानशील?"

दादानं वाट्यांकडे बघितलं. एक बोट लावून अर्काची वाटी थोडी सरकवली. छोटीला वाटलं, जिंकले.

"हे उंदरांचं झालं," तो म्हणाला.

"दादा!"

"ओरडू नको. तूच सकाळी म्हणालीस, उंदरांतलं आहे, माणसाचं माहीत नाही. मग उंदरांना फायदा झाला तर तो माणसाला लागू नाही, आणि फायदा नाही झाला तर तो लगेच लागू? हा कुठला काटा? मी सगळं आयुष्य तपासणी केलीय, छोटी. तुलनेला दुसरं काही असल्याशिवाय मी कधी शिक्का मारला नाही. माझी सावली कुठाय? असा एक माणूस दाखव मला, रोज माझ्याएवढंच जेवतो, रस पीत नाही आणि तरी त्याचं वजन उतरलंय. दाखव. मी आत्ता कुंड्या खाली फेकतो."

छोटीनं समोरची वाटी उचलून आपटली. या माणसाला शिकवायचं म्हणजे... तो बरोबर बोलत होता, आणि तेच सगळ्यात संतापजनक होतं.

"बोल ना," दादा म्हणाला आणि विजयाच्या भरात खुर्ची मागं सारून उठला. ताटात निम्म्याहून जास्त भात तसाच होता. "झालं माझं. जात नाही पुढं." तो हात धुवायला गेला.

वहिनीही उठली.

ती इतक्या सवयीनं उठली की छोटीचं लक्षही गेलं नसतं. पण संतापानं ती बोलायचं थांबली होती आणि बोलायचं थांबल्यामुळं बघत होती. वहिनीनं आपल्या ताटावर दुसरं ताट झाकलं. तिच्या ताटात दादाच्या ताटात होता तेवढाच भात उरला होता. ताट उचलताना तिनं शितं चिकटलेला अंगठा पटकन चाटला.

"वहिनी, तुम्ही का उठलात?"

"अं? झालं की."

"कुठं झालं? जेवलातच कुठं?"

"नंतर खाईन. हे उठले ना." वहिनीला प्रश्नच कळला नसावा. "इतकी वर्षं बरोबरच उठतो आम्ही. पूर्वी यांचं जेवण म्हणजे तासभर. वाण्याची गोष्ट संपेपर्यंत मी पोटभर जेवून गार व्हायचे. आता तोंड कडू असतं, चार घासांत उठतात. मग मी एकटीच भातामागून भात घेत बसायचं म्हणजे कसं दिसतं ते? एकदा म्हणालेही, माझी भूक मेलीय आणि तुझं बरं चाललंय. रागानं नाही हो, आपलं सहजच. मग झाकून ठेवते. नंतर कामात राहून जातं."

छोटी तिच्याकडे बघत राहिली. वहिनी शिवणकाम करायची. अख्ख्या इमारतीचे कपडे तिच्याकडे सैल-घट्ट करायला येत. तिच्या स्वतःच्या अंगात फुलांच्या छापाचा झगा होता आणि तो कसा अगदी बेतलेला बसला होता. म्हणून तर कोणाला कळलं नव्हतं. पण दोन्ही बाजूंच्या शिवणीत फुलं अर्धी अर्धी गडप झाली होती. मूळच्या झग्यावर ती पुरी असणार. मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याला कात्रीच्या टोकानं पाडलेलं नवं भोक होतं, आणि तेही आता सैल पडलं होतं.

छोटीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिला पुढं कोणालाच सांगता आलं नसतं. पहिल्यांदा तिला आनंद झाला. सापडली, असं वाटलं. रस न पिणारी, रोज त्याच्याएवढंच जेवणारी. हिचं रक्त तपासायला हवं, असंही वाटलं. मग सकाळी भिंतीला टेकलेला वहिनीचा हात तिला आठवला आणि त्यावर आपण काय ओरडलो तेही आठवलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"दादा," तिनं हाक मारली. "इकडे ये. आणि काट्याजवळचा दिवा लाव."

"आता काय?"

"तुला सावली हवी होती ना?"

दादा टॉवेलला हात पुसत आला. काय चाललंय ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनी "अहो, माझं काय वजन करताय, काहीतरीच," म्हणत मागं मागं सरकत होती. छोटीनं तिच्या खांद्याला धरून तिला काट्यावर उभं केलं. हाताला खांद्याचं हाड लागलं.

काटा हलला, डुलला आणि थांबला.

दादा वाकून बघत होता. मग म्हणाला, "उतर."

वहिनी उतरली. त्यानं काट्याच्या बाजूचा स्क्रू पिळून शून्य पुन्हा नीट केलं, खरं तर ते होतंच नीट. तरी त्याचं समाधान झालं नाही. तो आत गेला, मखमली पेटी घेऊन आला, त्यातलं सगळ्यात मोठं पितळी वजन काढून त्यानं काट्यावर ठेवलं आणि गुडघे टेकून काट्याशी डोळा नेला. काटा चोख होता. या घरातला काटा खोटा कसा असेल?

"चढ," तो म्हणाला.

वहिनी पुन्हा चढली. काटा पुन्हा तिथंच जाऊन थांबला, दादाच्या मनातल्या आकड्याच्या कितीतरी अलीकडे.

तो गुडघ्यांवरच बसून राहिला. छोटीनं आयुष्यभर त्याला बोलताना बघितलं होतं. वडील गेले तेव्हासुद्धा तो बोलतच होता. आता पितळी वजन मांडीवर घेऊन तो बसला होता आणि त्याचे ओठ नुसते हलत होते.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

"काय सांगायचं?" वहिनी म्हणाली. "मला कुठं काही झालंय? जरा चक्कर येते जिन्यात, तेवढंच." आणि मग थोडी हसून, "तुम्ही तर रोज काट्यावर उभे राहता. मला कोण म्हणालं, तू पण राहा म्हणून?"

छोटीला वाटलं होतं की या क्षणी आपण बोलू. सगळं भाषण तयार होतं, पुरावा समोर उभा होता. पण तिनं नुसता काट्याजवळचा दिवा मालवला.

दादा उठला. मोठ्या अंगाचा माणूस, खुर्चीचा आधार घेत उठला. वजन पेटीत ठेवलं, पेटी जागेवर ठेवली. मग गॅलरीकडे जाईल, कुंड्यांवर राग काढेल, असं छोटीला वाटलं. तो स्वयंपाकघरात गेला. चहापत्तीच्या डब्यामागं हात घातला, पाकीट काढलं आणि एकेक गोळी फोडून पेल्याशेजारी ठेवली.

"या जेवणानंतर घ्यायच्या असतात ना?" त्यानं कोणाकडेच न बघता विचारलं.

"हो," छोटी म्हणाली.

"मग जेवण होऊ दे."

तो टेबलाशी आपल्या खुर्चीवर बसला. वहिनीच्या ताटावरचं झाकण त्यानं स्वतः काढलं आणि ताट तिच्या जागेवर सरकवलं. धुतलेला हात पुन्हा आपल्या गार भातात घातला. तोंड अजून कडूच असणार. पहिला घास त्यानं बळंच गिळला, ते गळ्यावर दिसलं. वहिनी बसली, पण सवयीनं तिचे डोळे आधी त्याच्या ताटाकडे गेले. तिनं छोटासा घास घेतला. मग दुसरा.

दादानं दुसरा घास कालवला, पण तोंडात घातला नाही. तो उठलाही नाही.

"तर तो वाणी," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. त्यानं घसा साफ केला. "तो वाणी म्हणजे मिशा अशा. आणि दुकानात एक मांजर."

वहिनीचा हात भाजीकडे गेला.

"ते मांजर कुठल्या रंगाचं होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं का? नाही सांगितलं. ते आधी सांगतो." तो थांबला, आठवू लागला, किंवा आठवत असल्याचं दाखवू लागला. बोटांवरची शितं वाळायला लागली होती. त्याला उष्ट्या हातानं बसायचा लहानपणापासून तिटकारा होता. "अर्धं काळं आणि अर्धं... थांबा हं. बसलेलं कुठं असायचं, तर पोत्यावर. तांदळाच्या नव्हे. तांदळाचं पोतं त्याच्या मागं."

छोटीनं टेबलावर मांडलेल्या वाट्या गोळा करून बाजूला ठेवल्या. वहिनीच्या ताटातला भात निम्मा झाला होता. दादानं गोष्ट दुकानाच्या पायरीपर्यंत नेली आणि तिथं तो अडकला. एरवी इथून पुढं वजनं यायची. त्यानं चोरून वहिनीच्या ताटाकडे बघितलं आणि मग बहिणीकडे.

"मग?" छोटी म्हणाली. "पायऱ्या किती होत्या, दादा?"

"पायऱ्या?" दादा म्हणाला. "बरं विचारलंस. पायऱ्यांचीही एक गंमतच आहे."

वहिनीनं भाताचं पातेलं जवळ ओढलं.